मदत हवी आहे: चढावर थ्रॉटल दिला की क्रॉलरचं पुढचं उजवं चाक उचलतं

खडकवाट
नमस्कार मंडळी. १:१० मापाचा, १.९ इंची रिमचा क्रॉलर (खडकांवर हळू चढणारी रिमोटची गाडी) स्पर्धेसाठी लावतोय. सध्याची मांडणी अशी: व्हीलबेस ३१३ मिमी, टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर २३० मिमी, वजन बॅटरीसकट २९०० ग्रॅम. ॲक्सल साधे आहेत, पोर्टल (चाकाजवळ जादा गिअर असलेले) नाहीत, आणि दोन्ही डिफरन्शियल लॉक आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. ३५ टर्नची ब्रश मोटर. ३एस (तीन सेलची) ५००० एमएएच बॅटरी मागच्या ॲक्सलच्या साधारण ६० मिमी पुढे आडवी बसवली आहे. सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) २० किलो ताकदीचा, त्याला वीज ईएससीतल्याच (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) बीईसीची (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून सर्व्हो-रिसीव्हरला वीज देणारा भाग). टायर मऊ आहेत, आतला फोम किटमधलाच एकसंध.

तीन गोष्टी अडतात. एक, उभ्या चढावर थ्रॉटल दिला की चॅसिस डावीकडे झुकते आणि पुढचं उजवं चाक खडक सोडतं. दोन, पन्नासेक अंशांच्या पुढे गाडी मागे उलटते. तीन, पुढचं चाक दगडाच्या खाचेत अडकलेलं असताना स्टिअरिंग फिरवलं की दोन सेकंद सगळंच बंद पडतं आणि आपोआप परत सुरू होतं.

पितळेचे नकल (पुढचं चाक धरून वळणारा भाग), पोर्टल ॲक्सल, ओव्हरड्राइव्हचे गिअर (पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरवणारे), नवा सर्व्हो अशी यादी डोक्यात आहे. एकदम सगळं घेणं शक्य नाही. आधी काय करू?

पितळीवजन
आधी काहीच घेऊ नका, गाडी तोला. पुढची दोन चाकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि मागच्या चाकांखाली काट्याइतक्याच उंचीची फळी. मग काटा-फळीची अदलाबदल करून मागचं वजन घ्या. दोन्हींची बेरीज एकूण वजनाशी जुळली नाही तर फळीची उंची चुकली आहे.

मग गुरुत्वमध्य किती उंच आहे ते काढा. गाडी फळीवर आडवी उभी करा आणि फळी हळूहळू कलंडवत न्या. टायर घसरू नये म्हणून खालच्या कडेला पातळ पट्टी ठोका. वरची चाकं सुटतात तो कोन मोबाइलवर मोजा. अर्धी रुंदी भागिले त्या कोनाचा टॅन, म्हणजे उंची. स्प्रिंग दबल्यामुळे गाडी थोडी लवकर उलटते, त्यामुळे आकडा जरा जास्त येतो. पण खडकावरही स्प्रिंग दबलेल्याच असतात, म्हणून हाच आकडा कामाचा.

खडकवाट
तोलली. पुढे १५०८, मागे १३९२ ग्रॅम. फळीवर ४६ अंशांना सुटली.

पितळीवजन
म्हणजे पुढे ५२ टक्के. रुंदीचा अर्धा ११५, टॅन ४६ म्हणजे १.०३५, तेव्हा गुरुत्वमध्य १११ मिमी उंच. व्हीलबेसच्या ५२ टक्के म्हणजे तो मागच्या ॲक्सलच्या १६३ मिमी पुढे आहे. १६३ भागिले १११ हे १.४७, आणि त्याचा कोन ५६ अंश. एकसंध उतारावर थ्रॉटल न मारता गाडी मागे उलटण्याची ही शेवटची हद्द. थ्रॉटलचा झटका आणि मागच्या स्प्रिंगचं दबणं यांत पाच-सहा अंश सहज जातात. तुमचे पन्नास अंश तिथून आले.

आता सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. ३एस ५००० ची बॅटरी ३७० ग्रॅमच्या आसपास भरते. स्पर्धेतली एक फेरी काही मिनिटांची असते, तिला १३०० एमएएच पुरते आणि ती १२० ग्रॅमच्या आत मिळते. ती पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर, जमेल तितकी खाली ठेवा. हिशेब बघा:

जुनी बॅटरी काढली की एकूण २५३०, त्यातले पुढे १४३७. नवी पुढे ठेवली की एकूण २६५०, पुढे १५५७, म्हणजे ५८.८ टक्के. एवढं झाल्यावर पितळ घ्या. पुढच्या दोन नकलचे मिळून १२० ग्रॅम, आणि पुढच्या रिममध्ये प्रत्येकी ७० ग्रॅमची रिंग. एकूण २९१०, पुढे १८१७, म्हणजे ६२.४ टक्के.

गाडीचं वजन होतं तेवढंच राहिलं, फक्त मागून-वरून निघून पुढे-खाली गेलं. गुरुत्वमध्याची उंची ९५ पर्यंत उतरली तर १९५ भागिले ९५, म्हणजे ६४ अंश. पितळ मागे घालू नका. मागच्या रिममध्ये भर घातली की गाडी जमिनीला चिकटल्यासारखी वाटते, पण चढावर लागणारी पुढच्या वजनाची टक्केवारी हातची जाते.

बॉडी आणि छतावरचे शोभेचे रॅक, दिवे पण तोला. ३०० मिमी उंचीवरचे ५० ग्रॅम खालच्या २०० ग्रॅम पितळाची मेहनत वाया घालवू शकतात.

लालवायर
तिसऱ्या अडचणीचं उत्तर: रिसीव्हर (रिमोटचे संकेत घेणारा भाग) रीसेट होतोय. सर्व्हो अडला की तो एकदम भरपूर करंट ओढतो, बीईसीला तो झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर बंद पडतो. नवा ३५ किलोचा सर्व्हो याच बीईसीवर लावलात तर हेच जास्त वेळा होईल, कारण तो आणखी करंट मागतो. आधी वीज सुधारा, सर्व्हो नंतर.

वेगळा बीईसी घ्या, क्षणिक १० अँपियरपर्यंत देणारा. त्याचं व्होल्टेज सर्व्होवर छापलेल्या कमाल व्होल्टेजच्या वर जाऊ देऊ नका. बॅटरीच्या प्लगपासून बीईसीला वेगळी जोडी काढा. बीईसीतून निघणारी लाल तार थेट सर्व्होच्या लाल तारेला जोडा. सर्व्होची सिग्नल तार रिसीव्हरला जाईल, आणि काळी बीईसी व रिसीव्हर दोन्हींना. ग्राउंड सामाईक राहिला नाही तर सर्व्हो थरथरत बसेल. रिसीव्हरला वीज ईएससीच्या बीईसीचीच राहू द्या, त्याला जेमतेम लागते. दोन बीईसींच्या लाल तारा एकमेकींना कधीच जोडायच्या नाहीत.

काही सर्व्हो २एस बॅटरीवर थेट चालतात. तुमची ३एस पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते. सर्व्होवर तो आकडा स्पष्ट लिहिलेला नसेल तर थेट जोडू नका.

हे झाल्यावर ट्रान्समीटरवर स्टिअरिंगचे एंड पॉइंट (सर्व्हो किती वळेल याची हद्द) कमी करा. चाकं हवेत धरून पूर्ण वळवा. सर्व्हो गुणगुणत असेल तर नकल स्टॉपला टेकल्यावरही तो ढकलतोय. आवाज थांबेपर्यंत एकेक टक्का उतरवा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी लावावी लागते.

ईएससीत बॅटरीचा प्रकार लिपो निवडलाय ना, ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा) पूर्ण आहे ना, तेही बघून घ्या. ड्रॅग ब्रेक कमी असेल तर थ्रॉटल सोडल्यावर गाडी उतारावर सरकते, आणि गेटच्या (स्पर्धेत ज्या दोन काठ्यांमधून जायचं ती वाट) काठीला लागायला तेवढं सरकणं पुरतं.

शाफ्टसरळ
पहिल्या अडचणीवर सविस्तर लिहितो, कारण यावर बहुतेक जण चुकीच्या जागी पैसे घालतात.

याला टॉर्क ट्विस्ट म्हणतात. ड्राइव्हशाफ्ट ॲक्सलला पीळ देतो, आणि तेवढाच उलटा पीळ चॅसिसला बसतो. तुमच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकाच दिशेने फिरतो, म्हणून दोन्हींचा पीळ चॅसिसवर एकाच बाजूला जमा होतो आणि ती डावीकडे झुकते.

पण चॅसिस झुकली म्हणून चाक उचलायलाच हवं असं नाही. उभ्या चढावर वजन मागे जातं आणि पुढचे शॉक पूर्ण उघडतात. त्या क्षणी चॅसिसची उजवी बाजू वर गेली की उजव्या शॉकला आणखी लांब व्हायला जागाच नसते. मग तो दोरीसारखा ताणला जातो आणि चाकाला वर ओढतो.

खात्री करायची असेल तर पुढचा बंपर भिंतीला टेकवून गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि थ्रॉटल हळू वाढवा. चॅसिस किती झुकते ते मागून बघा. मग पुढची चाकं जाड पुस्तकांच्या थप्पीवर चढवून तेच करा. दुसऱ्या वेळी पुढच्या शॉकचा दांडा पूर्ण बाहेर आलेला दिसला तर हेच कारण.

आता उपाय, याच क्रमाने:

१. अडकण तपासा. लिंकचे (ॲक्सल चॅसिसला जोडणारे दांडे) चेंडू घट्ट असतील, किंवा सरकत्या ड्राइव्हशाफ्टच्या खाचांमध्ये माती असेल, तर भार आल्यावर शाफ्ट लांबी बदलत नाही आणि सस्पेन्शन आखडतं. शॉक काढा. ॲक्सल बोटाने उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (दुभंगलेले काटे) एका रेषेत आहेत का तेही बघा. खोलून परत घालताना एक दात चुकला तरी शाफ्ट धक्के देत फिरतो.

२. पुढे सॅग (गाडीच्या वजनाने शॉक दबणं) वाढवा. शॉकची चाल ३० मिमी असेल तर गाडी स्वतःच्या वजनावर १२ ते १४ मिमी बसायला हवी. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणाऱ्या) रिंगा काढा, तरी नाही बसली तर मऊ स्प्रिंग घाला. वर सांगितलेलं वजन पुढे आलं की हे अर्धं आपोआप साधेल.

३. मागच्या दोन्ही स्प्रिंग एक पायरी कडक करा, म्हणजे पीळ मागचा ॲक्सल जास्त झेलेल. तरीही झुकत असेल तर मागच्या डाव्या स्प्रिंगला १.५ ते २ मिमी प्रीलोड. त्याहून जास्त नको, नाहीतर गाडी उभी असतानाच तिरकी दिसेल.

शॉकमधल्या घट्ट तेलाबद्दल बरेच जण सांगतील. तेल झुकण्याचा वेग कमी करतं, झुकणं नाही. थ्रॉटल तीन सेकंद धरून ठेवलात तर चॅसिस शेवटी तिथेच पोचते. ३० ते ४० वेटचं तेल पुरे.

पोर्टलने पीळ खरोखर कमी होतो. चाकाजवळ गिअरची आणखी एक जोडी असते. तिने दीडपट कपात केली तर तेवढ्याच ताकदीसाठी शाफ्टवरचा पीळ दीड पटीने उतरतो. पण ते महाग काम आहे, आणि वरच्या तीन पायऱ्या झाल्याशिवाय त्याची गरज आहे की नाही हेच कळणार नाही.

चढउतार
पुढचे शॉक उघडू न देण्याचाही उपाय आहे. पिस्टनखाली, शॉकच्या आत दांड्यावर ५ मिमीचा नळीचा तुकडा घाला. पुढचं नाक वर येत नाही, गुरुत्वमध्य खाली राहतो. उभ्या चढासाठी फार उपयोगी.

शाफ्टसरळ
उपाय चांगला आहे, पण या गाडीला आत्ता नको. इथे शॉकला लांब व्हायला जागा नाही हीच तक्रार आहे. ५ मिमी आणखी कमी केले तर उजवं चाक आधीपेक्षा लवकर सुटेल. आधी पीळ आवरा, मग २ मिमीपासून सुरू करा.

चढउतार
पटलं. मग फोमकडे या. एकसंध फोम एकतर सगळा मऊ असतो नाहीतर सगळा कडक. मऊ असेल तर आडव्या उतारावर खालच्या बाजूचे टायर मोडतात आणि गाडी कलंडते. कडक असेल तर टायर दगडाचा आकार घेत नाही. दोन थरांचा घ्या: आत बंद छिद्रांचा कडक गाभा, बाहेर मऊ थर. बाहेरचा व्यास टायरच्या आतल्या व्यासाला जेमतेम भरेल इतकाच. कोंबून भरलेला मऊ फोमसुद्धा कडक होतो.

टायर दाबल्यावर हवा बाहेर जायला वाट हवी. रिमला छिद्र नसेल तर टायरच्या मधल्या पट्ट्यात समोरासमोर ३ मिमीची दोन छिद्रं करा, पाण्यात गेल्यावर पाणीही तिथूनच निघतं. बीडलॉकचे (टायरची कड रिमवर दाबून धरणाऱ्या रिंगचे) स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर रिंग वाकडी बसते आणि चाक डगमगतं.

ओव्हरड्राइव्ह सगळ्यात शेवटी. मागे ३३/८ आणि पुढे ३०/८ लावलेत तर ४.१२५ भागिले ३.७५, म्हणजे पुढची चाकं १० टक्के जास्त फिरतात. नाक ओढलं जातं, वळण लहान होतं. पण पकड चांगली असलेल्या कोरड्या खडकावर दोन ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि शाफ्टवर ताण साठतो. प्लास्टिकचे शाफ्ट असतील तर तिथेच तुटतात.

आणि खरेदीआधी स्पर्धेची नियमावली वाचा. टायरचा कमाल व्यास, व्हीलबेस, मागचा ॲक्सल सोडवणारा डिग चालतो की नाही, हे वर्गानुसार बदलतं. बहुतेक ठिकाणी गेटला लागणं, रिव्हर्स घेणं, हात लावणं यांचे दंडगुण असतात आणि कमी गुणवाला जिंकतो. म्हणून वळण्याचा कोन आणि न बंद पडणारी वीज यांची किंमत ताकदीपेक्षा जास्त.

खडकवाट
बॅटरी बदलून पुढे घेतली, बीईसी लावला, मागच्या स्प्रिंग कडक केल्या, पुढे सॅग १३ मिमी. काट्यावर पुढे ५९ टक्के आले. बंद पडणं पूर्ण थांबलं. उजवं चाक आता टेकलेलं राहतं. पितळ अजून घेतलेलं नाही. फक्त एक नवीन दिसतंय: उभी पायरी चढताना मागचा भाग उड्या मारतो.

शाफ्टसरळ
मागच्या वरच्या लिंकचं चॅसिसकडचं टोक एक भोक वर घ्या. सध्या ते खाली असल्याने वरच्या-खालच्या लिंक फार जवळ एकत्र येतात, थ्रॉटलवर मागचा भाग वर ढकलला जातो, टायर सुटतो आणि परत आपटतो. एक भोक बदललं की ॲक्सलचा कोनही थोडा फिरेल, तेव्हा शाफ्ट पूर्ण उघडलेल्या स्थितीत कुठे घासत नाही ना ते हाताने फिरवून बघा. धातूत जाणाऱ्या एम३ स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नको, त्याने प्लास्टिक तडकतं. पितळ घालाल तेव्हा आधी नकल, मग तोला, मग रिंगा. दोन्ही एकदम घातलेत तर स्टिअरिंग जड झालं ते कशामुळे, हे सापडणार नाही.