मदत हवी आहे : डायनासोरचे पाय जमिनीवर टेकत नाहीयेत

राजेहो, चित्र जोडलंय. इसिसॉरस आहे, वरोऱ्याजवळच्या डोंगरगावात सापडलेला, 2003 मध्ये हे नाव मिळालेला. पोरांना आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला डायनासोर दिसावा म्हणून शाळेच्या भिंतीसाठी सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स छापायचाय.

अडचण एकच. पायांखाली सावली दिली तरी जनावर हवेत तरंगल्यासारखं दिसतं. सावली गडद केली, मग धूसर केली, चित्र उलटं फिरवून पाहिलं, कृष्णधवल करूनही पाहिलं. पायाजवळ चिखल रंगवला तर तो शेणाच्या पोवासारखा दिसायला लागला! गावातल्या ग्रुपवर विचारलं तर चाळीस जणांचं एकच उत्तर, ‘लय भारी’. त्यानं पोट भरते, पाय टेकत नाही.

आधीच सांगतो : मान आखूड आणि पुढचे पाय लांब मुद्दामच आहेत, त्याच्या दंडाचं हाडच 148 सेंमी आहे. आणि डायनासोरच्या काळात गवत कुठलं म्हणाल, तर चित्रातलं गवत चुकीचं नाही. वरोऱ्याजवळच्याच पिसदुरा गावात मिळालेल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश सापडल्याचं 2005 मध्ये छापून आलंय.

मोबाईलवर आयबिस पेंटमध्ये काढतो, बोटानंच. या आकारात सात-आठच लेयर मिळतात आणि सहा उरकले, म्हणून सगळं नव्यानं काढा म्हणू नका. ऊन डावीकडून, दुपार कललेली.

कौतुक नको, चूक दाखवा. स्क्रीनशॉटवर लाल रेघ ओढली तरी चालेल. गडबड सावलीच्या दिशेत आहे, की चारही पावलं एकाच रेषेत आल्यामुळे असं दिसतंय?