पहिल्या महायुद्धातली लढाऊ रायफल कोणती: ली-एनफिल्ड की माउझर?

कृष्णाकाठ:
जुन्या रायफलींचा विषय निघाला की 'माउझरच्या पासंगालाही कुणी पुरत नाही' असं हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. १८९८ची जर्मन माउझर घडणीत देखणी होती, मजबूत होती. पण १९१४ ते १९१८ची लढाई जशी झाली, त्या लढाईला इंग्रजांची शॉर्ट ली-एनफिल्ड, विशेषतः १९०७चा मार्क ३, जास्त लायक होती.

हाताची हालचाल बघा. माउझरच्या बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) दांडा सरळ आडवा बाहेर आलेला. तो पाव फेरा वर उचलायचा, बोल्ट पार मागे खेचायचा, पुन्हा पुढे ढकलायचा. बोल्ट इतका मागे येतो की बहुतेक शिपायांना गाल दस्त्यावरून उचलावाच लागे, म्हणजे नेम पुन्हा पहिल्यापासून. ली-एनफिल्डचा दांडा खाली वाकवलेला, चापाच्या जवळ. ६० अंश फिरवला की बोल्ट मोकळा, आणि मागेही थोडाच येतो. त्यात माउझरच्या पोटात ५ काडतुसं, हिच्या १०. ब्रिटिश पायदळाच्या सरावात ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ बार काढावे लागत. २३ ऑगस्ट १९१४ला बेल्जियममधल्या मॉन्सच्या कालव्याकडे दाटीने चालून आलेल्या जर्मन पलटणींनी तो मारा सोसला.

आणखी एक. माउझरची नेम धरायची मागची पट्टी ४०० मीटरच्या खाली उतरतच नव्हती. समोरचा खंदक शंभर-दीडशे मीटरवर असला तर शिपायाने अंदाजाने खाली नेम धरायचा. युद्ध कुठल्या अंतरावर होईल याचा अंदाजच चुकलेली ही रायफल.

लोहारगल्ली:
मॉन्सचं श्रेय रायफलीला कशाला? ते वर्षानुवर्षं कवायत केलेलं पगारी सैन्य होतं. त्यांच्या हाती माउझर दिली असती तरी त्यांनी तसाच मारा केला असता. १९१६ला नवशिकी पोरं भरती झाली तेव्हा तीच ली-एनफिल्ड हातात होती, पण तो वेग कुठे राहिला?

शिवाय तुम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला हातच लावला नाहीत. १८९९ला कोलेन्सोजवळ बोअर शेतकऱ्यांकडे ७ मिलिमीटरच्या माउझर होत्या. क्लिप, म्हणजे काडतुसं धरणारा पत्रा, लावून ५ काडतुसं एका दमात आत. समोर इंग्रज शिपाई रायफलीच्या पोटातल्या मॅगझिनमध्ये एकेक काडतूस कोंबत बसलेला. तिथे मार खाल्ला म्हणूनच शॉर्ट ली-एनफिल्डला क्लिपने भरायची सोय आली. एवढ्यावर इंग्रज थांबले नाहीत. ते ली-एनफिल्डचा बोल्टच सोडून द्यायला निघाले होते. पॅटर्न १९१३ नावाची नवी रायफल काढली, तिचा बोल्ट माउझरच्या घराण्यातला. महायुद्ध सुरू झालं आणि ते काम मागे पडलं. तीच रायफल पुढे इंग्रजांच्या नेहमीच्या .३०३च्या काडतुसासाठी अमेरिकेत बनवून घेतली आणि १९१८मध्ये दुर्बीण बसवून निवडक नेमबाजांच्या हाती दिली. ज्यांची रायफल, त्यांचाच हा कौल. अमेरिकेच्या १९०३च्या स्प्रिंगफिल्डचं तर विचारूच नका, तिच्यासाठी अमेरिकन सरकारला माउझर कंपनीकडे स्वामित्वधन भरावं लागलं.

कारण साधं आहे. माउझरचा बोल्ट अडवणाऱ्या दोन खुंट्या पुढे, काडतुसाला लागून असतात. स्फोटाचा जोर जिथे, तिथेच पकड. ली-एनफिल्डची पकड मागे, त्यामुळे जोर बसला की बोल्ट किंचित दबतो.

कृष्णाकाठ:
नेमबाजाची रायफल वेगळी, पायदळाची वेगळी. कॅनडाच्या रॉस रायफलीचं काय झालं ते आठवा. चांदमारीच्या मैदानावर अचूक, पण एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रच्या दुसऱ्या लढाईत तिचा बोल्ट अडकू लागला. जोडा मारून बोल्ट उघडायची वेळ आली. कॅनडाच्या शिपायांनी ती टाकून पडलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. चिखलात चालणं हीच पायदळाच्या रायफलीची पहिली अट.

मागची पकड कमकुवत म्हणता, तर बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्याने १९६०च्या दशकात हाच बोल्ट ठेवून ७.६२ मिलिमीटरची २ए१ बनवली. ती चालली.

लोहारगल्ली:
पोलाद जास्त चांगलं वापरलं म्हणून चालली. म्हणजे रचनेतली उणीव धातूने भरून काढली. रॉसचं उदाहरण माउझरला लागू होत नाही, तिचा बोल्ट सरळ ओढायचा, कूळच वेगळं.

माणदेशी:
फ्रान्सच्या बाहेर या, मंडळी. ही झुंज मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, खरोखर झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडची माणसं, हातात ली-एनफिल्ड. समोर तुर्क, हातात ७.६५ मिलिमीटरच्या माउझर. नोव्हेंबर १९१५ला बगदादजवळच्या टेसिफॉनला दोन्ही बाजूंची माणसं भरमसाट पडली आणि डिव्हिजन मागे टायग्रिसकाठच्या कुत गावी आली. तिथे वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती. कुत रायफलीमुळे पडलं नाही, उपासमारीने पडलं. नदीतल्या बोटी अपुऱ्या, दवाखाने अपुरे, सुटका करायला आलेल्या फौजा वाटेत अडलेल्या. बोल्ट ६० अंश फिरतो की ९०, याने त्या माणसांचं काय बदललं असतं?

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. १८५७नंतर हिंदी पलटणींना कित्येक वर्षं गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक मुद्दाम दिली जायची. १९१४ला हिंदी सैन्य फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलं, तेव्हा फ्रान्समध्ये चालणाऱ्या नव्या काडतुसासाठी त्यांना तिथे रायफली बदलून घ्याव्या लागल्या. हाताला सवय झालेली रायफल ठेवून नवी उचलायची आणि काही आठवड्यांत ईप्रच्या खंदकात उतरायचं. रायफलींचा इतिहास लिहायचा तर कुणाला कोणती आणि कधी मिळाली, तेही लिहा.

कृष्णाकाठ:
माणदेशी, ते लिहायलाच हवं, शंका नाही. तरीही वेढ्यात बसलेल्या शिपायाच्या हातात ५ गोळ्या आहेत की १०, हा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. रात्री तुर्कांचा हल्ला तटापर्यंत आला की त्याच्या कामी तेवढंच येतं.

आणि लोहारगल्ली, १९३५ची जर्मन कार ९८के (कार म्हणजे कारबाइन, माउझरचीच आखूड आवृत्ती) पाहा. दांडा खाली वाकवला, नळी आखूड केली, पट्टी १०० मीटरपर्यंत खाली आणली. मी वर मोजलेल्या उणिवा जर्मनांनी एकेक करून दूर केल्या.

लोहारगल्ली:
बोल्टच्या खुंट्या मात्र होत्या तिथेच, पुढे ठेवल्या. मॅगझिनही ५चंच.