'अमर्याद' की 'अनंत'? गणिताच्या तक्त्यासाठी शब्द हवेत

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमच्या शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी नववीची मुलं फ्रेंच गणिती पाँकारेच्या चकतीचा, म्हणजे कधीच न संपणारं प्रतल एका गोलात दाखवणाऱ्या चित्राचा, तक्ता करताहेत. मथळा ठरवलाय 'मर्यादित वर्तुळात अमर्याद भूमिती'. माझं मन 'अमर्याद'पाशी अडतंय. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (नेरूळ): ताई, अडतंय ते योग्यच आहे. इथे 'अनंत' हवा. अमर्याद म्हणजे ज्याला कड नाही. अनंत म्हणजे ज्याच्या विस्ताराला अंत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कितीही चाला, कड लागत नाही, म्हणून तो अमर्याद. पण क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे तो सांत (स-अंत, अंत असलेला). जर्मन गणिती रीमानने १८५४च्या व्याख्यानात हाच फरक मांडला होता. 'सांत संच, अनंत संच' मुलांनी शिकलेले असतात, तेव्हा 'मर्यादित'च्या जागी 'सांत' बिनधास्त वापरा.

'वर्तुळ'ही बदला. वर्तुळ म्हणजे नुसती कडेची वक्ररेषा; इथे आतला भाग हवा, म्हणून 'चकती'. तीही परीघ वगळून, कारण परिघावरचे बिंदू चकतीत दाखवलेल्या प्रतलात नाहीतच. आणि अनंत असतं ते प्रतल, भूमिती नव्हे.

कड का येत नाही, हे मुलांना कॅल्क्युलेटरवर पाहू द्या. चकतीची त्रिज्या १ धरा. केंद्रापासून कागदावर क्ष अंतरावर असलेल्या बिंदूचं खरं, म्हणजे आतल्या मापाचं (त्या प्रतलातच राहून मोजलेलं) अंतर काढायचं तर (१+क्ष) ला (१−क्ष) ने भागून नैसर्गिक लॉगॅरिदम (ln) घ्यायचा. ०.९ला २.९४ येतं, ०.९९ला ५.२९, ०.९९९ला ७.६०. दर वाढत्या नवाला साधारण २.३ची भर पडतच राहते. तक्त्यावर हे आकडे जरूर येऊ द्या. नुसत्या चित्रावरून हे कुणालाच पटत नाही.

आणखी एक (वाशी): मथळा 'सांत चकतीत अनंत प्रतल' करा, सुटसुटीत आहे. खाली 'अपास्तीय भूमिती' (या चकतीतल्या भूमितीचं नाव, इंग्रजीत हायपरबॉलिक) लिहाल तर खुलाशाची एक ओळ जोडा, नाहीतर मुलं चकतीत अपास्त वक्र (हायपरबोला) शोधत बसतील. हे नाव जर्मन गणिती क्लाइनने १८७१मध्ये दिलं. चकतीतल्या 'सरळ रेषा' मात्र व्यास तरी असतात, नाहीतर परिघाला काटकोनात भेटणारे वर्तुळकंस. श्रेयात इटालियन गणिती बेल्त्रामीही हवा. पाँकारेच्या आधी, १८६८मध्येच, त्याने ही चकती मांडली होती.

क्रियापदही जपा. याच चकतीवर बेतलेल्या, डच चित्रकार एशरच्या १९५९च्या लाकूडठशातले मासे कडेकडे 'लहान होत जातात' असं सर्रास लिहितात. होत नाहीत, लहान *दिसतात*. आतल्या मापाने सगळे मासे एकाच आकाराचे आहेत.

प्रश्नकर्ती: मथळा बदलला. मग चकतीतल्या त्रिकोणाचे कोन कोनमापकाने मोजले, तर तेही नुसते 'दिसणारे'च का?

नेरूळ: नाही, कोन खरे. या चकतीत अंतरं बदलतात, कोन जसेच्या तसे राहतात. शिरोबिंदूपाशी कंसांना स्पर्शिका काढून मोजा. बेरीज १८० अंशांपेक्षा कमीच भरेल. त्रिकोण जितका मोठा घ्याल, तितकी तूट जास्त.