गोल्फ शिकतोय: चेंडू एकतर घरंगळतो, नाहीतर उजवीकडे पळतो

सातपूरवाला
नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत परचेसला आहे. आमचे एक मोठे कस्टमर पुण्याचे, गोल्फवाले. दिवाळीनंतर मी त्यांच्याबरोबर मैदानावर उतरायचं ठरलंय, म्हणजे आमच्या साहेबांनी परस्पर ठरवून टाकलंय. माझं आयुष्य टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलं, तेही गोल्फ क्लब मैदानावर. तिथे गोल्फ सोडून सगळं चालतं, हे नाशिककरांना सांगायला नको.
एक जुना ड्रायव्हर (लांब मारायची काठी), सात नंबरची आयर्न (लोखंडी पातीची, मधल्या पल्ल्याची) आणि एक पटर (चेंडू होलमध्ये घरंगळवायची) जमवलाय. मखमलाबादला मित्राचा मळा आहे, द्राक्षबागेपलीकडचा पडीक तुकडा मोकळा आहे, तिथे मारतो. आयर्नने चेंडू उठतच नाही, चेंडूच्या डोक्यावर पाती लागून घरंगळत जातो. ड्रायव्हरने उठतो, पण हवेत उजवीकडे वळत थेट बांधापलीकडे. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. सुरुवात कुठून करू?

पाथर्डीफाटा
कस्टमरला मिसळ खायला घेऊन जा भाऊ. ऑर्डर तिथेच निघेल.

जुना कॅडी
देवळालीत वाढलो. शाळेत असताना लष्कराच्या मैदानावर साहेबलोकांच्या पिशव्या उचलायचो, पुढे नोकरी ओझरला. त्यामुळे शिकवणीचं ज्ञान कमी, बघितलेलं जास्त.
पहिलं काम, ड्रायव्हर माळ्यावर टाका. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल बहात्तर फटक्यांत संपवायच्या मैदानाचा हिशेबच असा धरलेला असतो की प्रत्येक होलला ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) दोन पट, म्हणजे पटरचे दोन फटके. अठरा होलचे छत्तीस. निम्मा खेळ पटरचा, आणि नवीन माणूस सगळा घाम ड्रायव्हरवर गाळतो. लांब मारणारे मेजर-कर्नल भरपूर पाहिले. पैज जिंकून चहा उकळणारा मात्र बहुतेकदा गपगुमान पट घालणाराच असायचा.
आता तुमची दुखणी. दोन्ही क्रिकेटची आहेत.
चेंडू उठत नाही, कारण तुम्ही तो उचलायला जाताय. वजन मागच्या पायावर राहतं, पाती वर येताना चेंडूच्या टाळक्याला लागते. उचलायचं काम पातीच्या तिरपेपणाचं आहे, ते तिला करू द्या. मळ्यात फक्कीची एक रेघ मारा, क्रीजला मारतो तशी. चेंडू ठेवूच नका. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा आणि अर्धाच स्विंग घ्या, हात कमरेच्या वर नको. माती रेघेवर आणि रेघेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, निघाली पाहिजे. मागे निघाली तर वजन अजून मागेच आहे. पावसानंतर काळी माती मऊ असते, खूण अगदी स्वच्छ दिसते. मुरमावर हे करू नका, मनगट धरेल. खूण पुढे यायला लागली की मग रेघेवर चेंडू ठेवा.
उजवीकडे वळतो, कारण पाती ज्या वाटेने येते त्या मानाने तिचं तोंड उजवीकडे उघडं राहतं. बॅट धरायची सवय. डावा हात वर ठेवा (उजवे आहात असं धरतोय), दांडा तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी आडवा येऊ दे. वरून बघितलं की डाव्या हाताची दोन पेरं दिसली पाहिजेत. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेत टेकवा. पकड एवढीच की मनगट मोकळं फिरेल. पहिले काही दिवस फार परकं वाटतं, वाटू द्या.
आणि गोल्फ क्लब मैदानावर खरा चेंडू मारायचा मोह नको. सकाळ-संध्याकाळ चालणारी माणसं असतात आणि हा चेंडू टेनिसचा नाही. घराजवळ भोकांचा प्लास्टिकचा वापरा.

सातपूरवाला
काका, पट कुठे घालू? ग्रीन कुठून आणू?

जुना कॅडी
हॉलमध्ये. फरशीच्या जोडाची रेघ असते ना, चेंडू तिच्यावर ठेवा आणि त्याच रेघेवरून जाऊ द्या. मनगट बंद, खांदे हलवा. होल १०८ मिलिमीटरचा असतो, तेवढा गोल कागद कापून चिकटवा. दोन चेंडू शेजारी ठेवून वर बोटभर जागा उरते, म्हणजे वाटतो तितका लहान नाही. चुकलाच तर कागदाच्या पुढे गेलेला चालेल. अलीकडे थांबलेला कधीच पडत नाही.

कॉलेजरोडची
पुण्यात खेळते, म्हणून वागण्याचं सांगते. कस्टमर तुमच्या फटक्यापेक्षा तेच बघतील. कॉलरचा टीशर्ट घाला. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय नको. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना वाळू दाताळ्याने सारखी करा. चेंडू कुणाच्या अंगावर जातोय असं वाटलं की लाज न बाळगता ‘फोर’ ओरडा. हरवलेला चेंडू तीनच मिनिटं शोधायचा, २०१९ पासून नियम तसा आहे, आधी पाच होती. आणि चौदा काठ्यांची मुभा आहे, सक्ती नाही. तुमच्या दोनतीन काठ्यांना कुणी अडवणार नाही. एक पिचिंग वेज (जवळून उंच उडवायची काठी) तेवढी मिळवा, ग्रीनजवळ लागेल.

सातपूरवाला
फक्कीची रेघ मारली. माती रेघेच्या चांगली वीतभर मागे निघतेय, म्हणजे काका म्हणतात ते खरं. एकच धास्ती आहे. पहिल्या टीवर (सुरुवातीच्या फटक्याच्या जागी) सगळे ड्रायव्हर काढतील आणि मी सात नंबर काढला तर हसतील ना?

जुना कॅडी
हसू द्या. टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, जमिनीलगत दाबून लावा आणि अर्ध्यापाऊण स्विंगने सात नंबर मारा. दोन फटक्यांत तुम्ही फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध असाल आणि त्यांच्यातला एखादा तरी रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) चेंडू हुडकत असेल. हुडकायला मदत मात्र करा. कस्टमर आहेत.