आतड्याच्या कर्करोगाची तपासणी: व्याख्याने पुरेत, किट हातात द्या

धागाकर्ता:
मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील व्याख्याने आणि फलक यांवरचा खर्च थांबवून तोच पैसा शौचाच्या नमुन्याचे किट लोकांच्या हाती देण्यासाठी वापरावा, असे माझे मत आहे. लोक अज्ञानामुळे तपासणी टाळतात हे अर्धेच खरे आहे. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीत) कोठा साफ करण्यासाठी आदल्या दिवशी प्यावे लागणारे जुलाबाचे औषध, आत जाणारी दुर्बीण आणि बुडणारी रजा यांमुळे जाणती माणसेही मागे सरतात. किटमध्ये मात्र झाकणाला जोडलेली एक खाचांची काडी असते. ती शौचाच्या पृष्ठभागावर फिरवून नळीत बंद केली की घरातले काम संपले; पुढे प्रयोगशाळेत त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधतात आणि ते आढळले तरच कोलोनोस्कोपी करावी लागते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ कोलोनोस्कोपी सुचवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी, तर केवळ शौचाची चाचणी सुचवलेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी ती वर्षभरात पूर्ण केली होती.

प्रतिसाद १:
असहमत. मी स्वतः अशा उपक्रमात किट वाटली आहेत. एका बाईंच्या नमुन्यात रक्त आढळले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी मूळव्याध जुनी आहे, त्यातलेच असेल." त्यांना कोलोनोस्कोपीपर्यंत नेण्यासाठी चार वेळा फोन करावा लागला आणि शेवटी सोबत जावे लागले. पुढची तपासणी झाली नाही, तर त्या काडीने साधले काय? शिवाय ही चाचणी एकदा केली की झाले असे नसून ती दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते, हे वाटप करणारे हमखास विसरतात.

प्रतिसाद २:
मला मूळ आग्रहच पटत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत कोलोनोस्कोपीचे निमंत्रण मिळालेल्यांमध्ये दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका ०.९८ टक्के, तर निमंत्रण न मिळालेल्यांमध्ये १.२० टक्के आढळला. मृत्यूंमध्ये तर ठोस फरकच दिसला नाही. एवढ्याशा लाभासाठी धडधाकट माणसांच्या मागे लागणे मला योग्य वाटत नाही.

धागाकर्ता:
@प्रतिसाद २, त्या चाचणीत निमंत्रितांपैकी सुमारे ४२ टक्केच तपासणीला गेले होते, त्यामुळे हे आकडे तपासणीचे कमी आणि निमंत्रणाचे अधिक आहेत. माझे म्हणणे नेमके तेच आहे: नुसते बोलावून लोक येत नाहीत.
@प्रतिसाद १, पाठपुराव्याचा मुद्दा मान्य. अमेरिकेतील डेलावेअर राज्याने विमा नसलेल्यांना मोफत तपासणी आणि सोबतीला मार्गदर्शक परिचारिका दिल्यावर कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण २००२ ते २००९ या काळात ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेले आणि गोऱ्यांशी असलेली तफावत मिटली.

प्रतिसाद १:
आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते, कारण डेलावेअरचा भर कोलोनोस्कोपीवर होता, किटवर नव्हे. किट अवश्य वाटा, पण ज्याच्या नमुन्यात रक्त आढळेल त्याला कोण फोन करणार आणि त्याची कोलोनोस्कोपी कुठे होणार, हे वाटपाआधी कागदावर लिहिलेले असू द्या.