स्लॅब घालून वर पुन्हा पत्राच मारायचा, तर स्लॅब कशासाठी? (राजापूर, ९०० चौ. फूट)

माडाखाली:
नमस्कार. मी नोकरीला डोंबिवलीत, घर राजापूर तालुक्यात. वडिलांनी १९७८ साली बांधलेलं, चिऱ्याचं, कौलारू. माजघरावरच्या वाशांना वाळवी लागलीय, पाठची पडवी खचलीय. भाऊ म्हणतो, पाडून नवीन बांधू, तळमजलाच.

कंत्राटदाराच्या कागदावर एकच ओळ आहे: स्क्वेअर फुटाचा दर, मटेरियलसकट. बारा कॉलम, बीम, मधे चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. गळणार नाही ना, असं विचारलं तर म्हणाला, "दोन पावसाळे काढा, मग वर पत्र्याची शेड मारून देतो." आमच्या वाडीत स्लॅबची सात घरं आहेत, पाचांवर आज पत्रा आहे.

पैसे माझ्या पीएफचे आहेत. आणि सिमेंटपायी हवेत किती कार्बन जातो ते वाचल्यापासून एक पोतंही उगाच ओतू नये असं वाटतं. भावाला पटेल असं काही सांगा.

साइटवाला_रत्नागिरी:
दादा, तेवीस वर्षं साइटवर आहे. तुमचे पैसे एका नव्हे, दोन ठिकाणी दुहेरी जातायत. स्लॅबवर पत्रा हे तुम्हाला दिसलं. दुसरं असं, की चिऱ्याची नऊ इंची भिंत तळमजल्याच्या घराचं छप्पर स्वतः पेलते. कॉलम-बीम उभे करून भार त्यांच्यावर दिलात की तीच भिंत नुसता आडोसा होऊन राहते. म्हणजे एका घराला दोन सांगाडे. मात्र पट्टे सोडू नका. जोत्यावर, लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि भिंतींच्या माथ्यावर सलग आरसीसी पट्टा, कोपऱ्यांत उभी सळई. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झाला नव्हता.

भावासाठी हिशोब. ९०० फुटांची पाच इंची स्लॅब म्हणजे साडेदहा घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३ च्या मापाने धरली तर पंच्याऐंशी पोती सिमेंट. ओपीसी, म्हणजे साधं सिमेंट घेतलंत तर टनामागे साधारण ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नुसत्या सिमेंटचा साडेतीन टन. यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनाचा नसतो, भट्टीत चुनखडी तापून फुटते तिचा असतो. भट्टी कितीही सुधारली तरी तो निघणारच. पोती वाचवणं, नाहीतर पोत्यातलं क्लिंकर (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) कमी करणं, एवढेच उपाय. म्हणून जोडकामाला आणि गिलाव्याला ५३ ग्रेडच्या ओपीसीचा हट्ट नको. राख मिसळलेलं पीपीसी किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं पीएससी घ्या. खाऱ्या हवेत स्लॅगचं तर जास्त चांगलं. गवंडी त्याला कच्चं म्हणतात, कारण ताकद सावकाश येते. दहा दिवस नीट पाणी मारा.

स्लॅब हवीच असेल तर किनाऱ्याच्या हवेसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण सांगितलंय. आपल्याकडे त्या कव्हरसाठी सळईखाली नुसता खडीचा तुकडा सरकवतात, शिवाय वाळू खाडीची, खारी. मग सळई गंजून फुगते, तळाचं काँक्रीट सुटतं आणि तीच स्लॅब पुन्हा घालावी लागते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता राग येतो.

स्क्वेअर फुटाचा दर ही मूळ खोट. त्यात किती पोती, किती सळई, काहीच कळत नाही. आधी इंजिनीअरकडून नकाशा आणि मापं काढून घ्या: पाया, चिरा, पट्टे, छप्पर, प्रत्येकाचं वेगळं. त्याच मापांवर तिघांचे दर मागवा आणि झालेलं काम मोजूनच पैसे द्या.

दापोलीची:
आमचं २०१९ चं घर असंच आहे, कॉलम एकही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात शे-दीडशे कौलं गेली, पण सांगाडा जागचा हलला नाही. माथ्यावरच्या पट्ट्यात बोल्ट पुरून त्याला छप्पर जखडलं होतं. शेजारचा पत्रा अख्खा उडून आंब्यात अडकला.

चिरा जानेवारीतच आणून टाका. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. आणि दादा, एक विचारू? भिंती शाबूत असतील तर पाडताय कशाला? वाळवी वाशांना लागलीय, चिऱ्यांना नाही.

खारेपाटणकर:
ताई, सगळं खरं, पण दरवर्षी शाकारणीला माणूस कुठून आणायचा? आमच्याकडे वानर चार दिवसांत वीस-वीस कौलं फोडतात. लोक हौसेने स्लॅब घालत नाहीत.

साइटवाला_रत्नागिरी:
बरोबर आहे, ही अडचण मोठी आहे. माणूस मिळत नसेल तर भिंतींवरच लोखंडी सांगाडा करून पत्रा घाला, खाली सिलिंग, मधे वारा खेळता. पत्र्याला माझा विरोध नाही. पत्र्याखाली पंच्याऐंशी पोती पुरायला आहे.

माडाखाली:
सर्वांचे आभार. रविवारी गावी जाऊन आलो. भावाला वाडीतल्या त्या पाच घरांतल्या दोघांकडे नेलं. त्यांनी पत्र्याला किती गेले ते सांगितल्यावर तो गप्प झाला. संध्याकाळी आम्ही दोघांनी ओळंबा सोडून भिंती पाहिल्या. तीन सरळ आहेत, पाठची दीड इंच बाहेर झुकलीय. तिचे चिरे उतरवून तेच पुन्हा लावता येतील का?

साइटवाला_रत्नागिरी:
सांधा मातीचा असेल तर अख्खे सुटतील, सिमेंटचा असेल तर बरेच फुटतील. १९७८ च्या घरात दोन्ही सापडतं. वरचा एक थर उकलून बघा आणि फोटो टाका. काम मात्र दिवाळीनंतर काढा, पाऊस पूर्ण सरल्यावर. बाकीच्या तीन भिंतींना माथ्याचा पट्टा तेव्हाच बांधून घेऊ.