आधी मुंग्या थांबवा

ए-३०२ (सकाळी ७.४०)
नमस्कार. आज सकाळी सातच्या सुमारास पाठीवर पंप घेतलेल्या एका माणसाने मागच्या बागेतल्या जास्वंदीच्या कुंपणावर फवारणी केली. त्याबद्दल फलकावर कागद लागला नव्हता आणि ग्रुपवर एक ओळही आली नव्हती. माझी मुलगी त्या वेळी झोपाळ्यावर होती आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. कुंपणाला लागूनच कढीपत्ता आहे आणि त्याची पाने आपल्यापैकी निम्म्या घरांच्या फोडणीत पडतात. औषध कोणते होते आणि कोणाच्या परवानगीने मारले, हे समितीने कृपया लेखी कळवावे.

सचिव (८.०५)
ताई, आपली काळजी योग्य आहे आणि सूचना लावायची राहिली ही चूक माझी आहे. मात्र जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीबद्दल बी-१०४ कडून एप्रिलमध्येच चार तक्रारी आल्या होत्या, म्हणून कंत्राटदाराला सांगावे लागले. काहीच केले नसते तरी मलाच बोल लागला असता.

बी-१०४ (८.११)
सचिव साहेब, मी फवारणी मागितली नव्हती. २ एप्रिलचा माझा संदेश पुन्हा देत आहे : "जास्वंदीच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढते आहे. आधी मुंग्या थांबवा, मग किडीचे पाहू."

ए-१०३ (८.१४)
काका, हा संदेश आता मला पाठ झाला आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याकडेही अशीच रांग आहे, तिथेही एकदा पाहणीला यावे.

ए-३०२ (८.१६)
कृपया विषय हसण्यावारी नेऊ नये. औषधाचे नाव अजून कळलेले नाही.

सचिव (८.३२)
कंत्राटदाराने बाटलीचे छायाचित्र पाठवले आहे, ते खाली जोडत आहे. नाव नीट वाचता येत नाही, पण पिवळा त्रिकोण दिसतो.

बी-५०३ (८.५०)
मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवलेला असतो. पिवळा म्हणजे वरून दुसरी पायरी. जिथे मुले खेळतात आणि लोक पाने तोडून खातात, तिथे अशी बाटली उघडायलाच नको होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली आणि त्यात जीव गेले, हे आपण वर्तमानपत्रात वाचले आहे. आज फवारणाऱ्या माणसाच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नव्हता, हे मी खिडकीतून पाहिले आणि त्याचे मला मुलांइतकेच वाईट वाटले. औषधाचे नाव आणि फवारणीनंतर पाने तोडण्यापूर्वी किती दिवस थांबायचे तो काळ कळेपर्यंत कढीपत्ता कोणीही तोडू नये.

बी-१०४ (८.५३)
काकूंचे पूर्ण पटले. परंतु मूळ कारण कोणी पाहत नाही. गेल्या वर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी सी-६०२ च्या बारा कुंड्या खाली उतरवल्या आणि त्या कुंपणाशेजारीच राहिल्या. कीड तिथून आली.

सी-६०२ (९.२०)
काका, आपण वडीलधारे आहात म्हणून शांतपणे लिहिते. त्याच कुंड्यांमधली जास्वंद दहाही दिवस सोसायटीच्या गणपतीला वाहिली गेली, तेव्हा कोणी किडीचे नाव काढले नाही. मी सकाळी आठला घर सोडते आणि रात्री आठला परतते. कुंड्यांकडे माझे दुर्लक्ष झाले, हे मान्य आहे. पण पाहिजे तेव्हा फुले आणि नको तेव्हा दोष, हे मनाला लागते.

बी-५०३ (९.३८)
दोघांनाही विनंती की कुंड्यांचा इतिहास आता पुरे. मी खाली जाऊन भिंग लावून पाहून आले. पांढऱ्या कापसासारखे पुंजके आहेत ते पिठ्या ढेकूण. ते कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतात आणि चिकट गोड द्रव टाकतात. त्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी फासल्यासारखे दिसते. मुंग्या त्या गोडव्यासाठी येतात आणि मोबदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात, म्हणून १०४ चे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. मला दुःख वेगळ्याच गोष्टीचे झाले. पुंजक्यांमध्ये थोड्या मोठ्या, अंगावर मेणाच्या लांब पांढऱ्या झालरी असलेल्या आणि भराभर चालणाऱ्या अळ्या होत्या. त्या एका ढालकिड्याच्या (लेडीबर्ड भुंग्याच्या) अळ्या आहेत आणि पिठ्या ढेकूण हेच त्यांचे अन्न आहे. हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. दिसायला त्या किडीसारख्याच असल्याने लोक त्यांनाही चिरडतात. आज त्यातल्या सात अळ्या पानांखाली उलट्या मरून पडलेल्या दिसल्या; ढेकूण मात्र मेणाच्या आवरणाखाली बऱ्यापैकी जिवंत आहेत.

ए-३०२ (९.४६)
काकू, हे मला ठाऊक नव्हते. गेल्या आठवड्यात मीच असल्या दोन अळ्या काडीने काढून टाकल्या होत्या.

बी-१०४ (९.४८)
"आधी मुंग्या थांबवा, मग किडीचे पाहू."

सचिव (१०.०२)
काका, मुद्दा पोहोचला. आता उपाय सांगावा, आणि तो असा असावा की माळीबुवा आठवड्यातून दोनदाच येतात हे लक्षात राहील. टँकरचे पाणीही मोजूनच आहे.

बी-५०३ (१०.२५)
उन्हाळ्यात बागेत जितकी कमी ढवळाढवळ, तितके बरे. मार्चमध्ये कुंपणाला युरिया घातला, त्यामुळे लुसलुशीत कोवळी फूट आली आणि रस शोषणाऱ्या किडीचे फावले. आता पावसापर्यंत खत बंद ठेवावे आणि मोठी छाटणीही करू नये. फक्त पांढरे झालेले शेंडे कापून, पिशवीत बांधून टाकावेत. रविवारी सकाळी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारले, तर ढेकूण गळून पडतात आणि कोरड्या उन्हात फोफावणारे लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक जीव, तेही कमी होतात. तेवढ्याने भागले नाही, तरच एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून, ऊन उतरल्यावर, किडीचे पुंजके असतील तेवढ्याच जागी फवारावे. दुपारच्या उन्हात मारल्यास पाने करपतात.

पाण्याचे म्हणाल, तर गळालेली पाने झाडून फेकून देण्याऐवजी बुंध्याभोवती दोन-तीन इंचांचा थर करावा, खोडाला मात्र चिकटवू नये. माझ्या गॅलरीत असे आच्छादन केल्यापासून कुंडीला एक दिवस आड पाणी पुरते. ६०२ ताईंनी कुंड्या एकमेकींजवळ भिंतीच्या सावलीत ओढल्या आणि सकाळी निघण्यापूर्वी खालच्या भोकातून ओघळेपर्यंत पाणी दिले, तर रोज धावपळ करावी लागणार नाही. बशीतले पाणी तेवढे ओतून टाकावे, नाहीतर डासांचे घर होते.

सी-६०२ (१०.३१)
काकू, एवढे मला जमेल. कुंड्या आज रात्रीच हलवते.

ए-१०३ (१०.३४)
माझ्या एसीच्या नळीखालची बादली रोज भरते. ते पाणी कुंड्यांना चालत असेल तर खुशाल न्यावे.

बी-५०३ (१०.३६)
चालते. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

सी-४०४ (१०.५८)
पानांचे ढीग ठेवले की कचरा आणि साप होतील. पूर्वी कोपऱ्यात जाळत असू, तेच बरे होते.

सचिव (११.०४)
तसे आता मुळीच करता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड आहे. त्या धुरावरून ए विंगच्या आजोबांना दवाखान्यात न्यावे लागले होते, हेही आपण विसरलेलो नाही.

सी-४०४ (११.०७)
मी फक्त मत मांडले. समितीला मत ऐकायचे नसेल तर ग्रुप कशाला?

सचिव (११.१५)
आपले मत नोंदवले आहे. ठरले ते असे : कंत्राटदाराची बागेतली फवारणी आजपासून बंद. यापुढे काहीही मारायचे असेल तर दोन दिवस आधी औषधाच्या नावासह सूचना लागेल. ३०२ ताई, लेखी उत्तर संध्याकाळी देतो.

ए-३०२ (११.१८)
आभारी आहे. औषधाचे नाव मात्र त्यात असावे.

बी-१०४ (संध्याकाळी ५.५०)
जास्वंदीच्या प्रत्येक खोडावर वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावले आहे. ग्रीस सालीवर लागू दिलेले नाही. आंब्याच्या बागांत शेतकरी याच किडीच्या जातभाईंसाठी अशी पट्टी बांधतात.

बी-१०४ (६.४०)
मुंग्या पट्टीखाली अडकून परत फिरत आहेत, छायाचित्र पाहावे. परंतु पाण्याच्या टाकीकडची एक फांदी भिंतीला टेकली आहे आणि तिथून त्यांनी नवी वाट धरली आहे. माझा हात तिथवर पोहोचत नाही.

सी-६०२ (रात्री ८.२०)
काका, माझ्याकडे लांब दांड्याची कात्री आहे. उद्या सकाळी सात वाजता खाली येते, आपण फक्त फांदी दाखवा.